चाळीस चढाया, दोन चढाईपटू

भातकापणी उरकते, झोडणी होते, पेंढा रचला जातो आणि शहापूर-मुरबाडच्या गावांत मैदानं आखायला सुरुवात होते. किन्हवली, डोळखांब, खर्डी, धसई, टोकावडे, सरळगाव या पट्ट्यात हिवाळ्यापासून पाऊस तोंडावर येईपर्यंत कबड्डीचे सामने रंगतात. निमित्त कधी गावच्या जत्रेचं, कधी शिवजयंतीचं, कधी मंडळाच्या वर्धापनदिनाचं. सामने बहुतेक रात्रीचे, दिव्यांच्या उजेडातले आणि बाद पद्धतीचे. जिंकत राहणाऱ्या संघाला एका रात्रीत तीन-चार सामने खेळावे लागतात. अशा संघात एकच चांगला चढाईपटू असला तर कोणाला पाठवायचं हा प्रश्न उरत नाही. दोन असले की मात्र मैदानाच्या कडेला बसलेल्या प्रत्येकाचं त्यावर मत असतं. याला पाठवा, त्याला बसवा, याच्या दोन झाल्या, आता त्याला जाऊ द्या.

ही नुसती प्रेक्षकांची हौस नव्हे. चढाया कशा वाटल्या यावर सामना ठरतो, कधी पूर्ण स्पर्धा ठरते, आणि एखाद्या पोराची जिल्हा संघातली निवड व पुढची नोकरीही ठरू शकते. प्रो कबड्डी लीगच्या बारा हंगामांनी या प्रश्नावर भरपूर पुरावा जमा करून ठेवला आहे. तो गावच्या मैदानाशेजारी ठेवून पाहिला की एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते: पहिला बाद झाल्यावरच ज्या संघाला दुसऱ्या चढाईपटूची आठवण होते, तो संघ शेवटपर्यंत टिकत नाही.

आधी हिशेब. एक चढाई जास्तीत जास्त ३० सेकंदांची आणि दोन्ही संघ आळीपाळीने चढाई करतात. म्हणजे २०-२० मिनिटांच्या दोन डावांत एका संघाच्या वाट्याला साधारण ४० चढाया येतात. सामना १५-१५ मिनिटांचा असेल तर ३०. मैदानावरच्या सात जणांत मुख्यतः चढाई करणारे दोन किंवा तीन, बाकीचे कोपरे आणि मध्य सांभाळणारे. एकाच गड्याने ४० पैकी २५ चढाया केल्या तर तो साडेबारा मिनिटं तोंडाने ‘कबड्डी कबड्डी’चा दम चालू ठेवून समोरच्या सातांच्या हद्दीत एकटा वावरला. मधल्या वेळात त्याला विश्रांती मिळते असंही नाही. समोरचा चढाईला आला की त्यालाही बचावाच्या साखळीत उभं राहावं लागतं, धावून येणाऱ्याला आडवं जावं लागतं, अंगावर पडलेल्या ढिगाखालून उठावं लागतं. आणि अर्ध्या मिनिटात पुन्हा त्याचंच नाव पुकारलं जातं.

दमापेक्षाही मोठी अडचण नियमाची आहे. महाराष्ट्रात पूर्वी संजीवनी, गामिनी आणि अमर असे या खेळाचे वेगवेगळे प्रकार खेळले जात. अमरमध्ये बाद झालेला गडी मैदानातच राहायचा, फक्त गुण समोरच्याच्या नावावर लागायचा. गामिनीत बाद झालेला गडी सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेर बसायचा. आजची कबड्डी संजीवनीची आहे: समोरचा एक गडी बाद केला की आपला एक गडी परत येतो. अमरमध्ये चढायांची वाटणी हा निव्वळ ताकदीचा प्रश्न राहिला असता. संजीवनीत तो जोखमीचा प्रश्न होतो, कारण चढाईला गेलेला गडी पकडला गेला की तो काही काळ संघालाच मिळत नाही.

शिवाय परत येण्याचा क्रम ठरलेला असतो. जो आधी बाद झाला तो आधी आत येतो, आणि बोनस गुणावर कोणीच परत येत नाही. समजा, पहिला चढाईपटू बाद झाला तेव्हा बाहेर आधीच दोघे बसले आहेत. तो पुन्हा मैदानात दिसायला तीन गडी टिपावे लागणार. हे तीन गडी बचावाने पकडी करून मिळवायचे किंवा दुसऱ्या चढाईपटूने जाऊन आणायचे. तेवढ्यात तोही पकडला गेला तर चढाईला कोपरारक्षक जातो, मध्यरक्षक जातो, आणि सगळा संघ बाद होऊन लोण चढायला वेळ लागत नाही. लोणाचे दोन जादा गुण समोरच्याला मिळतातच, पण त्याआधीच्या सहा-सात चढायांत सामन्याचा ताल हातून गेलेला असतो. म्हणजे दुसऱ्या चढाईपटूचं मोल त्याच्या गुणांत पूर्ण दिसत नाही. पहिल्याला तो किती लवकर परत आणतो, हे गुणपत्रकात वेगळं लिहिलेलं नसतं.

एकाच्याच खांद्यावर सगळं टाकावं असं म्हणणारे पाटणा पायरेट्सचं उदाहरण देतात, आणि ते अर्धवट देतात. २०१७ च्या हंगामात प्रदीप नरवालने २६ सामन्यांत चढाईचे ३६९ गुण मिळवले. हरयाणा स्टीलर्सविरुद्धच्या बाद फेरीच्या सामन्यात त्याचे एकट्याचे ३४ गुण होते. पाटण्याने तो सामना ६९-३० असा घेतला. अंतिम सामन्यात गुजरातविरुद्ध त्याने १९ गुण केले आणि पाटणा ५५-३८ अशा फरकाने सलग तिसऱ्यांदा विजेतं झालं. डुबकी मारून साखळीखालून निसटणारा प्रदीप त्या वर्षी गावोगावच्या पोरांनी पाठ केला. त्याची नक्कल करताना किती जणांचे गुडघे सोलले गेले असतील!

पण त्याच संघात मोनू गोयत होता. प्रदीप बाहेर बसलेला असताना त्याला परत आणण्याचं काम बहुतांशी मोनूने केलं, आणि हंगामअखेरीस त्याच्याही नावावर चढाईचे १९० च्या आसपास गुण होते. दुसऱ्या कोणत्याही संघात तो पहिला चढाईपटू ठरला असता. बाकीच्या संघांनी हे ओळखलं होतं. पुढच्या लिलावात हरयाणा स्टीलर्सने त्याच्यासाठी १ कोटी ५१ लाख रुपये मोजले. मोनू गेल्यानंतरच्या हंगामात प्रदीपने पुन्हा दोनशेहून अधिक गुण केले, तरी पाटणा बाद फेरीत पोहोचलं नाही. २०१९ मध्ये प्रदीपचे ३०२ गुण झाले आणि पाटणा बारा संघांत आठवं आलं. बचावही तोवर पूर्वीसारखा राहिला नव्हता, तेव्हा सगळा भार मोनूच्या जाण्यावर टाकता येणार नाही. तरीही ३०२ गुणांचा चढाईपटू असलेला संघ आठव्या क्रमांकावर राहतो, ही गोष्ट प्रत्येक गावच्या संघनायकाने लक्षात ठेवावी अशी आहे.

२०१९ चा तो हंगाम या प्रश्नासाठी सगळ्यांत बोलका. बेंगळुरू बुल्सच्या पवन सेहरावतने त्या वर्षी चढाईचे ३४६ गुण केले, एका सामन्यात तर ३९. बेंगळुरूची धाव उपांत्य फेरीत थांबली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगडचा सिद्धार्थ देसाई आदल्या वर्षी यू मुंबाकडून पदार्पणातच २१८ गुण करून गेला होता. तेलुगू टायटन्सने त्याला १ कोटी ४५ लाखांना घेतलं. त्याने पुन्हा दोनशेचा टप्पा ओलांडला, पण टायटन्स अकरावे आले.

आणि त्या वर्षी जिंकलं कोण? बंगाल वॉरियर्स. त्यांचा पहिला चढाईपटू मणिंदर सिंग साखळी सामन्यांत दोनशेहून अधिक गुण करून जखमी झाला आणि उपांत्य व अंतिम अशा दोन्ही सामन्यांत खेळू शकला नाही. १९ ऑक्टोबर २०१९ रोजी अहमदाबादला दबंग दिल्लीविरुद्ध अंतिम सामना झाला. दिल्लीच्या नवीन कुमारने एकट्याने १८ गुण केले. सुरुवातीला बंगालवर लोण चढला. तरीही इराणचा मोहम्मद नबीबख्श १० गुण आणि सुकेश हेगडे ८ गुण घेऊन गेले, आणि बंगालने ३९-३४ असा विजय मिळवला. मणिंदर नसताना हे दोघे अचानक चढाईपटू बनले नव्हते. संपूर्ण हंगामभर मणिंदर मैदानात असतानाही नबीबख्श, सुकेश आणि प्रपंजन यांना चढाया मिळत होत्या, त्यामुळे अंतिम सामन्याच्या दिवशी त्यांच्या पायांना त्या ३० सेकंदांची सवय होती.

बंगालचे प्रशिक्षक होते कर्नाटकचे बी. सी. रमेश. हेच रमेश पुढे पुणेरी पलटणकडे आले, आणि तिथे त्यांच्या विचाराला पूर्ण रूप मिळालं. पुण्याकडे नगर जिल्ह्यातल्या टाकळीभानचा अस्लम इनामदार होता, हरयाणाचा मोहित गोयत होता, मुंबईचा पंकज मोहिते होता, नाशिककडचा आकाश शिंदे होता. यांच्यातला पहिला कोण आणि दुसरा कोण, हे ठामपणे सांगणं प्रतिस्पर्ध्यालाही कठीण जायचं. २०२२ च्या हंगामात अस्लम आणि मोहित दोघेही जखमी होऊन अंतिम टप्प्यात बाहेर बसले. एरवी कोणताही संघ तिथे कोसळला असता. पंकज मोहितेने उपांत्य सामन्यात तमिळ थलायवाजविरुद्ध १६ गुण केले आणि पलटण अंतिम सामन्यापर्यंत गेली. तिथे ती जयपूरकडून २९-३३ अशी हरली, पण फरक चारच गुणांचा होता.

पुढच्या हंगामात, म्हणजे २०२३-२४ मध्ये, पलटणने २२ साखळी सामन्यांत फक्त दोन गमावले आणि ९६ गुणांसह अव्वल स्थान घेतलं. चढाईच्या गुणांच्या यादीत पहिल्या पाचांत पुण्याचा एकही गडी नव्हता. आशू मलिक आणि अर्जुन देशवाल प्रत्येकी २७६ गुणांवर होते आणि दोघांचेही संघ चषकाविना परतले. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला पलटणने हरयाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवलं. त्या सामन्यात पुण्याकडून सर्वाधिक ९ गुण पंकज मोहितेचे होते, त्यात एका चढाईत चार गडी टिपणारी अव्वल चढाई होती. संघनायक अस्लम होता, नावाजलेला मोहित होता, आणि कामाला आला कागदावरचा तिसरा. त्याआधीच्या शरद ऋतूत हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात अस्लम आणि आकाश शिंदे दोघेही होते. एकाच संघात चढाया वाटून घेतल्याने कोणाची निवड अडली नाही, हेही त्यातून दिसलं.

दिल्लीची कथा जरा वेगळी. नवीन कुमारवर तो संघ उभा होता. २०२१-२२ च्या हंगामात त्याच्या गुडघ्याने दगा दिला आणि मधले बरेच सामने विजय मलिकने ओढले. फेब्रुवारी २०२२ च्या अंतिम सामन्यात नवीन परतला होता. दिल्लीने पाटण्यावर ३७-३६ अशी एका गुणाने मात केली: विजयचे १४ गुण, नवीनचे १३. दोन हंगामांनी नवीन पुन्हा जखमी झाला आणि तेव्हा आशू मलिक पुढे आला. दुखापतीच्या निमित्ताने का होईना, दिल्लीला दुसरा चढाईपटू मिळत गेला. पण दुखापतीची वाट पाहणं हा काही वाटणीचा मार्ग नव्हे.

अमेरिकेत त्यांच्या पद्धतीचा फुटबॉल खेळतात. तिथे चेंडू हातात घेऊन प्रतिस्पर्ध्यांच्या भिंतीत घुसणाऱ्या धावपटूंच्या बाबतीत नेमका हाच प्रश्न पन्नास वर्षं चर्चेत आहे. १९७२ मध्ये मायामी डॉल्फिन्स संघ १७ पैकी १७ सामने जिंकला. धिप्पाड लॅरी झॉन्काने त्या हंगामात १,११७ यार्ड धाव घेतली आणि चपळ मर्क्युरी मॉरिसने बरोबर १,०००. एकाच संघातल्या दोघांनी हजाराचा टप्पा गाठण्याची ती पहिलीच वेळ. आधी मॉरिसची नोंद ९९१ होती. एका धावेचा हिशेब पुन्हा तपासल्यावर नऊ यार्ड वाढले. या वाटणीची किंमतही कोणीतरी मोजली. जिम कीक हा तोवरचा नेहमीचा धावपटू, झॉन्काचा जिवलग मित्र. मॉरिसला जागा देताना कीकचा वाटा कमी झाला. अलीकडे २०२३ मध्ये डेट्रॉइट लायन्सने डेव्हिड मॉन्टगोमेरी आणि जाहमिर गिब्स यांच्यात अशीच वाटणी केली: एकाचे १,०१५ यार्ड, दुसऱ्याचे ९४५. दोन्ही जोड्यांत एक ताकदीचा आणि एक वेगाचा होता. सारख्याच धाटणीचे दोघे असते तर वाटणीने दम वाचला असता, पण समोरच्या बचावाला कोडं पडलं नसतं.

कबड्डीत ही गोष्ट आणखी बारीक पातळीवर चालते, आणि शहापूर-मुरबाडच्या संघांनी सर्वांत जास्त विचार इथेच करायला हवा. ‘तुझ्या दोन, माझ्या दोन’ अशी पाळी लावणं न्याय्य दिसतं, पण मैदानाची स्थिती दर चढाईला बदलते. समोर सहा किंवा सात गडी असतील तरच बोनस मिळतो. तेव्हा पाय लांब टाकून बोनस रेषा ओलांडणारा, कोपऱ्याला फसवणारा गडी पाठवावा. यू मुंबाचा अनूप कुमार या कामात तरबेज होता. समोर चार-पाच जण उरले की बोनस बंद होतो आणि मधली जागा मोकळी होते. तिथे धावून हाताने टिपणारा किंवा डुबकी मारणारा उपयोगी पडतो. समोर तीन किंवा कमी असले तर पकड झाल्यास त्यांना अव्वल पकडीचे दोन गुण मिळतात. अशा वेळी सगळ्यांत आक्रमक गडी पाठवणं ही गावच्या सामन्यांत हमखास दिसणारी चूक. तिथे घाई नसते. निदान रेषा पार करून, घड्याळ खाऊन, चूक त्यांच्याकडून होऊ द्यायची असते.

मग येते तिसरी चढाई. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर जाणारा बाद. अनेक संघांत पहिला चढाईपटू पहिल्या दोन चढायांत हात राखून खेळतो आणि तिसरीला दुसऱ्याला ढकलतो. दुसऱ्याच्या वाट्याला सतत अशाच चढाया आल्या तर तो सतत बाद होणार, त्याचं नाव खराब होणार, आणि पुढच्या सामन्यात ‘याला कशाला पाठवता’ अशी ओरड होणार. ही वाटणी नव्हे, बळी देणं आहे. तिसऱ्या चढाया दोघांत विभागल्या गेल्या पाहिजेत, आणि दुसऱ्याला पहिली-दुसरी चढाईही मिळाली पाहिजे, जिथे रिकामा परत आला तरी काही बिघडत नाही. समोरचा डावा कोपरा आज कुठे उभा राहतो, घोट्यावर येतो की मांडीवर, हे त्याला अशाच चढाईत वाचता येतं.

बाजूचाही विचार असतो. काही जण डाव्या अंगाने चढाई करतात, काही उजव्या. एक डावा आणि एक उजवा मिळाला तर समोरच्या दोन्ही कोपऱ्यांना काम लागतं. बचावाचाही विचार हवा: दोन्ही चढाईपटू अंगाने हलके असतील तर साखळीत ते कुठे उभे राहतात त्यावर पकडी अवलंबून असतात. पुण्याचे अस्लम आणि मोहित एकत्र खेळू शकले त्याचं मोठं कारण, दोघेही पकड करतात.

शहापूर-मुरबाडच्या मैदानावर यात दोन गोष्टी जास्तीच्या मिसळतात. पहिली म्हणजे निर्णय घेणारा बहुतेकदा स्वतःच चढाईपटू असतो. मोठ्या संघांत बाहेर प्रशिक्षक बसलेला असतो. गावच्या संघात संघनायक हाच प्रशिक्षक, आणि संघनायकपद सहसा सर्वांत नावाजलेल्या चढाईपटूकडे. आपला वाटा आपणच ठरवायचा, तोही सामना रंगात आला असताना आणि कडेने लोक आपलंच नाव घेत असताना. हे अवघड आहे, पण कोणी केलंच नाही असं नाही. बेंगळुरू बुल्सचा संघनायक रोहित कुमार २०१७ मध्ये त्या संघाचा पहिला चढाईपटू होता. एका सामन्यात ३० गुण करण्याचा पराक्रम त्याच्या नावावर होता. पुढच्या हंगामात पवन सेहरावत संघात आला. त्याआधीच्या वर्षी गुजरातने पवनला फारसं खेळवलंच नव्हतं. रोहितने मोठा वाटा त्याच्याकडे जाऊ दिला आणि स्वतः दुसरा झाला. पवनचे चढाईचे २७१ गुण झाले, ५ जानेवारी २०१९ च्या मुंबईतल्या अंतिम सामन्यात त्याने एकट्याने २२ गुण केले, आणि चषक उचलला संघनायक म्हणून रोहितने. त्याच संघात सांगली जिल्ह्यातल्या कासेगावचा काशिलिंग आडके तिसरा चढाईपटू होता, जो दिल्लीकडे चार हंगाम पहिला राहिलेला. गावच्या संघनायकासाठी याहून चांगला धडा शोधायची गरज नाही.

दुसरी गोष्ट, बाहेरून आणलेला खेळाडू. मोठ्या बक्षिसाच्या स्पर्धेसाठी मंडळं कल्याण, भिवंडी, मुंबईकडून एखादा चढाईपटू मानधन देऊन बोलावतात. पैसे दिलेत म्हणून बहुतेक चढाया त्यालाच. गावचा पोरगा वर्षभर सराव करतो आणि स्पर्धेच्या रात्री फक्त बचावात उभा राहतो. अनेक आयोजक यावर बंधनं घालतात, गावातलेच खेळाडू हवेत असा नियम करतात, आणि ते योग्य आहे. पण बंधन नसलं तरी पाहुण्याला अर्ध्याहून जास्त चढाया देण्यात मंडळाचं नुकसानच आहे. तो पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गावाकडून तुमच्याविरुद्ध खेळणार असतो.

त्यात एका रात्रीचे तीन-चार सामने. मुरबाडच्या एमआयडीसीत पाळी करून आलेला किंवा आसनगावहून लोकल पकडून ठाण्यापर्यंत कामाला जाऊन परतलेला गडी रात्री पहिल्या फेरीत २५ चढाया करतो, उपउपांत्य फेरीत आणखी २५, आणि पहाटे अंतिम सामन्याला त्याचे पाय उचलत नाहीत. गर्दी त्याच्या नावाने ओरडते, तो बोनससाठी पाय टाकतो आणि घोटा पकडला जातो. दुसरा चढाईपटू तोवर रात्रभर थंड बसलेला. प्रो कबड्डीत एका संघाला दोन सामन्यांमध्ये निदान एक रात्र मिळते; इथे मिळते तासाभराची विश्रांती. म्हणून पाटण्याच्या पद्धतीपेक्षा पुण्याची पद्धत इथे कितीतरी जास्त लागू पडते. पहिल्या फेरीत, समोरचा संघ त्यामानाने कच्चा असताना, सामन्याची पहिली चढाई आणि निम्म्याहून जास्त चढाया दुसऱ्या चढाईपटूला द्याव्यात. हरण्याची भीती वाटली तर पहिला मैदानातच आहे.

निवडीचा मुद्दा सगळ्यांत नाजूक. २६ जुलै २०१४ रोजी प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि त्याच आठवड्यात, १ ऑगस्टला, पालघर जिल्हा वेगळा झाला. जव्हार, वाडा, डहाणू तिकडे गेले आणि ठाण्याच्या ग्रामीण कबड्डीत शहापूर, मुरबाड, भिवंडी यांचं वजन वाढलं. राज्य पातळीवर आता ठाणे शहर आणि ठाणे ग्रामीण असे संघ वेगळे उतरतात, म्हणजे संधी जवळ आली. जिल्हा, राज्य, मग पोलीस, रेल्वे, भारत पेट्रोलियम, महिंद्रा अशा व्यावसायिक संघांची नोकरी, हा रस्ता अनेक मराठी कबड्डीपटूंनी चालून दाखवला आहे. या रस्त्याच्या तोंडाशी निवड समिती बसलेली असते आणि तिला दिसतात गुण व ‘उत्कृष्ट चढाईपटू’ची बक्षिसं. ज्याला चढाया मिळाल्या नाहीत त्याच्याकडे दाखवायला दोन्ही नसतं. त्यामुळे दुसरा चढाईपटू वाटा मागतो तेव्हा त्याला स्वार्थी म्हणणं अन्याय आहे. तो आपल्या पुढच्या आयुष्याचं मागतोय. तो नाराज होऊन शेजारच्या गावच्या मंडळाकडे गेला तर दोष त्याचा एकट्याचा नसतो.

मुलींच्या संघांत हाच प्रश्न उलट बाजूने येतो. खेळणाऱ्या मुली कमी, त्यामुळे एकच चढाईपटू शाळेकडून खेळते, मंडळाकडून खेळते आणि वयोगटाच्या निवड स्पर्धेतही उतरते. तिला दुसरी जोडीदार मिळणं ही तिच्या गुडघ्यांची गरज असते. शालेय स्पर्धांत निदान तालुका पातळीवर तरी नवख्या मुलीला चढाया देण्याची मोकळीक शिक्षकांकडे असते, आणि ती वापरणाऱ्या शाळांचे संघ वर्षानुवर्षं टिकतात.

एक छोटी सोय कोणत्याही मंडळाला उद्यापासून करता येईल. राखीव खेळाडूंपैकी एकाने वहीत प्रत्येक चढाईची नोंद ठेवायची: कोण गेला, समोर किती गडी होते, चढाई पहिली, दुसरी की तिसरी, आणि काय घडलं. गुणपत्रकात फक्त गुण असतात. या वहीत दिसेल की दुसऱ्याच्या बारा चढायांपैकी सात तिसऱ्या होत्या, किंवा पहिला समोर तीन जण असताना चार वेळा पकडला गेला, किंवा पहिला बाहेर असताना दुसऱ्याने त्याला सहा वेळा परत आणलं. निवड चाचणीला जाताना ती वही सोबत न्यावी. दुसऱ्या चढाईपटूच्या बाजूने बोलणारा तेवढाच एक कागद असतो.